काट्यापायी गेलेला गोल

डोणगावात फुटबॉल आणला तो वामनरावांनी, आणि फुटबॉलच्या पाठोपाठ ऑफसाइड नावाचं भांडणही त्यांनीच आणलं, असं उकंडराव चारचौघांत सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. वामनराव तरुणपणी मलकापूरला रेल्वेत लागले होते. रुळांचे सांधे बदलण्याचं काम करता करता तिथल्या रेल्वेच्या संघात डाव्या बाजूनं खेळायलाही लागले. खेळता येईनासं झालं तेव्हा शिटी गळ्यात अडकवून पंच झाले. वडील वारल्यावर नोकरी सोडून गावी आले, विहिरीवरच्या मळ्यात वांगी-मिरच्या लावू लागले. पण संध्याकाळी मोट सुटली की त्यांचे पाय शिवशिवत. शेवटी एक दिवस बसनं मेहकरला गेले आणि बॉल घेऊनच परतले.

मैदान दिलं उकंडरावांनी. उकंडराव म्हणजे वामनरावांचे लहानपणापासूनचे दोस्त. गावातले मोठे कास्तकार आणि नव्यानं झालेल्या ग्रामपंचायतीचे सरपंच. बाजाराच्या मागं त्यांची पडीक जमीन होती, ती त्यांनी माणसं लावून सपाट केली, आणि शेळ्या शिरू नयेत म्हणून चहूबाजूंनी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. माणूस असा दिलदार, पण तोंडानं फाटका.

गावातल्या पोरांना खेळ चटकन समजला. अडलं ते ऑफसाइडपाशी. गाव त्याला ‘आपसाट’ म्हणे. वामनरावांनी मैदानात दगड मांडून सांगून पाहिलं, काठीनं रेघा ओढून सांगून पाहिलं. शेवटी हात टेकले आणि म्हणाले, “हे पाहा रे बाप्पा. दुसऱ्याच्या घरी गेलं अन् घरात दोन मानसं असले, त बेलाशक आत जा. एकलंच मानूस घरात असंन, त वसरीवर थांबा. बॉल हा आपला म्होरक्या. त्याच्या मांगं मांगं गेले त कोनी काई म्हनत नाही. पन बॉल यायच्या आंधी जाऊन एकल्या गोलकीपरजवळ उभे राह्यले, का झालं आपसाट.”

पोरांना समजलं. उकंडरावांनाही समजलं, पण पटलं नाही.

“जो म्होरं गेला त्याले शिक्षा कायची बे?” ते विचारत. “वावरात जो म्होरं नांगर नेते त्याले आपन शाबासकी देतो.”

“म्होरं जाऊन बसून राहनं म्हंजे नांगर नेनं नोहे.”

“अन् निसता उभाच असला, काई केलंच नाही, त?”

“त मंग आपसाट नाही. खेळात हात घातला, नाहीत आडवा आला, त आपसाट.”

“अन् ते कोन ठरवन?”

“ज्याच्या तोंडात शिटी असंन तो.”

“म्हंजे तूच!” उकंडराव मांडीवर थाप मारून हसत. “कायदा बी तुहा, अन् कोरट बी तुहंच.”

रोजच्या चहाबरोबर हे चालायचं. दोघांपैकी एकाला बरं नसलं तर दुसऱ्याला चहा गोड लागत नसे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात उकंडरावांनी वडिलांच्या नावानं जिंकणाऱ्या संघासाठी एक ढाल ठेवली आणि देऊळगाव राजाच्या संघाला सामन्याचं आवतण धाडलं. तिकडचे लोक एका ट्रकमध्ये बसून आले. त्यांच्याबरोबर महादेवराव म्हणून एक वडीलधारे होते. भाजीपाल्याची बागाईत करणारे, बोलण्यात नेमस्त. त्यांचा मुलगा अर्जुन संघाचा गोलकीपर होता. उंचापुरा, सावळा, आणि विचारल्याशिवाय न बोलणारा. सामन्याला पंच डोणगावचेच, म्हणून कुणीतरी कुरकुर केली, तेव्हा महादेवराव म्हणाले, “वामनरावांचं नाव मी मलकापूरच्या लोकांकडून ऐकलंय. ते शिटी वाजवणार असतील तर आमची काही हरकत नाही.”

हे वाक्य वामनरावांच्या मनात बसलं. परक्या माणसानं टाकलेला विश्वास आपल्या माणसाच्या आग्रहापेक्षा जड असतो. त्या दिवशी त्यांनी धोतर सोडून जुनी खाकी चड्डी चढवली तेव्हाच मनाशी ठरवलं, की आज आपला गाव कोणता हे विसरायचं.

सारं डोणगाव लोटलं होतं. बायका कुंपणाबाहेर बैलगाड्यांत उभ्या राहून पाहत होत्या. सगळ्यात पुढं, देऊळगावच्या गोलाच्या अगदी मागं, उकंडरावांची गाडी होती. तिच्यात त्यांची बायको सत्यभामाबाई आणि मुलगी आशा. आशा एकोणीस वर्षांची, सातवी शिकलेली, घरी शिलाई मशीन चालवणारी, आणि बापासारखीच स्पष्ट बोलणारी. ऑफसाइडची सगळी भांडणं चहा देता देता ऐकून तिला तो नियम गावातल्या निम्म्या खेळाडूंपेक्षा बरा समजत होता.

सामना रंगला. एक गोल त्यांनी केला, एक यांनी फेडला. खेळ संपत आला तसा दोन्ही बाजूंचा दम तुटला. तेवढ्यात डोणगावचा जानराव, पुढच्या फळीतला चपळ गडी, बॉलमागं धावता धावता थेट गोलामागच्या कुंपणात घुसला. बॉल गेला बाहेर आणि जानरावाच्या अनवाणी टाचेत बाभळीचा काटा गेला. अर्जुननं बॉल उचलला, रेषेवर ठेवला आणि लाथेसरशी पार मधल्या रेघेपलीकडं धाडला. सगळे खेळाडू त्या बाजूला पळाले. जानराव लंगडत लंगडत मैदानात आला आणि गोलासमोर मटकन खाली बसला.

पुढं काय झालं ते वामनरावांना नीट दिसलं नाही. ते मधल्या रेघेपाशी, बॉलच्या गर्दीत होते. उकंडरावांचा पुतण्या कारभारी यानं गर्दीतून बॉल काढला, मान वर करून पाहिलं आणि तिथूनच, एवढ्या लांबून, जीव खाऊन लाथ हाणली. बॉल हवेत गेला, दोन टप्पे पडला आणि टुणटुणत, कुणीही न अडवता, गोलात शिरला. गोलकीपर दोन पावलांवर होता. पण तो खाली वाकलेला होता, आणि त्याच्यासमोर डोणगावचा जानराव.

वामनरावांनी शिटी फुंकली आणि हात वर केला. ऑफसाइड.

मग जो गलका झाला त्यानं बैल बुजले. उकंडराव छत्री उगारून मैदानात आले. “वामन्या, काऊन बे? काऊन?”

“जानराव गोलकीपरच्या म्होरं होता. मधात दुसरं कोनीच नव्हतं.”

“तो बसेल होता! त्याच्या पायात काटा होता! बसेल मानूस खेळून राह्यला होता का?”

“गोलकीपरच्या आडवा त होता.”

“तुले दिसलं?”

 वामनरावांना दिसलं होतं ते एवढंच, की दोन माणसं एकमेकांपाशी वाकलेली. “मले जे दिसलं त्यावर म्या शिटी वाजवली,” ते म्हणाले. “आता मैदानाभायेर जा, उकंडराव. खेळ चालू व्हायचा हाये.”

ज्याला उभ्या आयुष्यात ‘उकंड्या’ म्हटलं, त्याला गावासमोर ‘उकंडराव’ म्हटलं. छत्री खाली आली. ते वळले आणि गाडीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. उरलेल्या वेळात कुणाचाच गोल झाला नाही. सामना बरोबरीत सुटला आणि ढाल टेबलावर तशीच राहिली.

जेवण उकंडरावांच्या मळ्यात होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. दोन्ही संघ समोरासमोर पंगतीला बसले. एरवी अशा पंगतीत आग्रहानं पोट फुटायची वेळ येते; त्या संध्याकाळी फक्त भुरक्यांचे आवाज येत होते. उकंडराव स्वतः तुपाचं भांडं घेऊन फिरत होते. प्रत्येकाच्या पानात धार धरली, वामनरावांच्या पानापाशी आले आणि न बोलता तूप वाढून पुढं गेले. वामनरावांना वाटलं, यापेक्षा शिवी दिली असती तर घास तरी उतरला असता.

पलीकडं महादेवराव मुलावर धुसफुसत होते. “तू वाकून काय करत होतास? बॉल दिसत नव्हता तुला?”

अर्जुन मान खाली घालून रोडगा कुस्करत राहिला.

जानरावानं मात्र तोंड उघडलं. “काका, त्याले बोलू नका. तो माह्या पायातला काटा काढून राह्यला होता.”

पंगतीतले हात थांबले.

“काय म्हंतू?” उकंडराव तुपाचं भांडं घेऊन जागीच उभे राहिले.

“मले निंघत नव्हता. हा म्हने, बस, पाय दे इकडं. कुंपनाचाच एक काटा मोडून घेतला त्यानं, अन् त्यानं उकरून काढून राह्यला. मले त मांगं बॉल आला हे बी ठाऊक नव्हतं.”

“म्हणजे त्याचं लक्षच नव्हतं,” महादेवराव म्हणाले. त्यांच्या आवाजातली धार जरा उतरली. “मग पंचांनी बरोबर केलं. तुमचा गडी आडवा आला म्हणायचं.”

“लक्ष होतं.”

हे आशा बोलली. ती वरणाचं भांडं घेऊन पंगतीच्या टोकाला उभी होती. परक्या माणसांत पोरीनं बोलावं हे सत्यभामाबाईंना आवडलं नाही, त्यांनी डोळे वटारले. पण वामनरावांनी हातानंच थांबवलं. “बोलू द्या, वहिनी. तुमची गाडी गोलामांगंच होती. काय पाह्यलं तू, आशा?”

“त्यायनं बॉल पाह्यला,” आशा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज सरळ होता. “बॉल वरतं उडाला तवाच मान वर करून पाह्यलं. पहिला टप्पा पडला तवा पुन्हा पाह्यलं. उठले असते त अडवता आला असता. पन ते उठले नाही. पाय हातातच धरून ठेवला.”

सगळ्यांच्या माना अर्जुनकडं वळल्या. वामनरावांनी विचारलं, “खरं हाये का, बाबू?”

“व्हय,” अर्जुन म्हणाला.

“मंग उठला काऊन नाही?”

अर्जुननं थोडा विचार केला. जणू हे त्याला कुणी विचारील असं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. “काटा निम्मा बाहेर आला होता. तसाच सोडला असता तर आत मोडला असता. मग टाच पिकती. ह्यांना कापणीपर्यंत चालता आलं नसतं.”

 जानराव आपल्या टाचेला लावलेल्या हळदीकडं पाहत बसला.

वामनरावांच्या मनात मात्र मलकापूरचं मैदान जागं झालं होतं. तिथं त्यांना शिकवणारे म्हातारे गार्डसाहेब म्हणायचे, माणूस कुठं उभा आहे हे कुणीही पाहील. तो तिथं असल्यानं काय घडलं हे पंचानं पाहायचं. आणि आपण पाहिलं काय, तर दोन वाकलेल्या पाठी. जानराव खेळत नव्हता. त्यानं गोलकीपरला अडवलं नव्हतं, त्याच्या डोळ्यांआड बॉल केला नव्हता. गोलकीपर आपण होऊन बसला होता आणि आपण होऊनच उठला नव्हता. मग ऑफसाइड कसला?

त्यांनी पानावरचा हात झटकला आणि ते उभे राहिले. “मंडळी, शिटी वाजली ते वाजली, ते आता बदलत नाही. पन माह्या मनात काय हाये ते ऐका. माही चूक झाली. तो गोल होता.”

डोणगावच्या बाजूनं एकच आरोळी उठली. कारभारी तर पानावरूनच उठला. वामनराव उकंडरावांकडं पाहू लागले. म्हटलं, आता तरी हा हसेल.

उकंडराव हसले नाहीत. त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बिलकुल नाही,” ते म्हणाले. “गोल नव्हता.”

“आँ?”

“आपसाट होतं. शंभर टक्के आपसाट.”

“अरे, दुपारी तूच त छत्री घेऊन…”

“दुपारी मले ठाऊक नव्हतं! आपल्या गड्याच्या पायातला काटा काढून राह्यला तो पोट्टा, अन् तेवढ्यात आपन त्याच्या घरात बॉल घालायचा? अन् वरतून ढाल घ्यायची? माह्या बापाच्या नावाची ढाल हाये ती, वामन्या. असा गोल पाह्यला असता त त्यानं मले घराभायेर काढलं असतं.”

“ते तुह्या बापाचं झालं. मी कायद्याचं सांगून राह्यलो.”

“मी बी कायद्याचंच सांगतो. तूच म्हनत होता ना, जो आडवा येते तो आपसाट? जानराव आडवा आला का नाही? त्याचा पाय नसता त हा पोट्टा बॉल सोडता का?”

“पायानं आडवा आला नाही तो! त्यानं कोनाले धरलं का? बलावलं का?”

“त्याची तकलीफ आडवी आली!”

“तकलीफ कोन्त्या कायद्यात बसते बे?”

“नसंन बसत त कायदाच उना हाये!”

दोघंही आता पंगतीच्या मधोमध उभे होते. दुपारी जो ऑफसाइड म्हणत होता तो आता गोल म्हणत होता, आणि गोल म्हणणारा ऑफसाइड म्हणत होता. आवाज मात्र दुपारचेच. दोन्हीकडची पोरं आधी भांबावली. मग देऊळगावच्या बाजूला कुणीतरी फिस्कन हसलं आणि हसू साऱ्या पंगतीत पसरलं. महादेवरावांनी उपरणं तोंडाला लावलं होतं, पण त्यांचे खांदे हलत होते.

ते पाहून वामनरावांच्या लक्षात आलं, की उकंडरावांनी आपल्याला मघाशी ‘वामन्या’ म्हटलं. मग त्यांनाही राहवलं नाही. “उकंड्या,” ते म्हणाले, “तूप वाढ. माहं वरन कोरडं हाये.”

ढालीचा निकाल महादेवरावांनी लावला. सामना बरोबरीत सुटला तो सुटला. ढाल डोणगावातच राहू द्या, पुढच्या वर्षी सामना आमच्याकडं, बालाजीच्या गावात, असं ते म्हणाले. पाहुणे मळ्यातच मुक्कामाला राहिले आणि सकाळी चहा पिऊन गेले. ट्रक सुटताना जानराव लंगडत आला आणि त्यानं अर्जुनच्या हातात हुरड्याची चांगली जड पिशवी दिली.

पुढं आठवडाभर चहाच्या वेळी उकंडरावांचा पत्ता नव्हता. आले ते नव्या धोतरात.

“काय झालं?” वामनरावांनी विचारलं.

“तुले देऊळगावले यायचं हाये माह्यासंगं. मी एकला गेलो त वेडंवाकडं बोलीन.”

“कायले?”

उकंडरावांनी इकडं तिकडं पाहिलं. “घरी बायको आठ दिवसांपासून एकच म्हनते. म्हने, दुसऱ्याच्या पोराची टाच पिकू नये म्हनून जो आपली ढाल सोडते, त्याच्या घरी माही पोट्टी उपाशी राहनार नाही. वावर किती, जोड्या किती, काई विचारून नाही राह्यली.”

“अन् आशा?”

“तेच त तुले तिले इचारायचं हाये. मले ते बोलन का? बाप हाये मी.”

वामनरावांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि ते तसेच उठून उकंडरावांच्या घरी गेले. आशा अंगणात मिरच्या वाळत घालत होती. त्यांनी आडवळण घेतलं नाही. “देऊळगावच्या त्या पोट्ट्याबद्दल घरात बोलनं चालू हाये. तुहं काय म्हननं हाये, सांग. नाही म्हनलं त गोष्ट इथंच संपली, तुह्या बापाले मी पाहून घेईन.”

आशानं मिरच्यांवरची नजर काढली नाही. बराच वेळ तिनं एकच मिरची इकडची तिकडं केली. मग म्हणाली, “काका, त्यायनं सगळ्यायसमोर खोटं सांगतलं असतं, का मले बॉल दिसलाच नाही, त त्यायच्यावर कोनी रागावलं नसतं. नाही?”

“नाही.”

“मंग,” ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. दारातून वळून पुन्हा म्हणाली, “पन माही शिलाई मशीन मी संगं नेईन, हे सांगा.”

दोघं दोस्त मेहकरमार्गे बसनं देऊळगावला गेले. वाटेत उकंडरावांनी पुन्हा तो गोल काढला. कंडक्टरपासून बाजारकऱ्यांपर्यंत सगळ्यांचं मत घेतलं, आणि उतरेपर्यंत बसमध्ये दोन तट पडले होते. महादेवरावांनी त्यांना बागाईत दाखवली, कोबीचे वाफे दाखवले, आणि बोलणं निघाल्यावर फक्त एवढंच म्हणाले, “मुलगी त्या दिवशी पंगतीत बोलली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण तुमच्या दोघांच्या भांडणात मला बोलायला जागाच मिळाली नाही.” अर्जुन पाण्याचा तांब्या घेऊन आला. मशिनीची गोष्ट ऐकून म्हणाला, “ओसरीवर उजेड चांगला असतो. तिथं ठेवू.”

लग्न वैशाखात लागलं. जानराव वरातीत सगळ्यांच्या पुढं नाचला.

पुढच्या हिवाळ्यात सामना देऊळगावला झाला. शिटी वामनरावांच्याच तोंडात होती. दोन्ही गावांना आता दुसरा पंच नको होता. उकंडराव व्याह्याशेजारी खुर्चीवर बसले होते आणि पलीकडं बायकांच्या घोळक्यात आशा डोक्यावरचा पदर सावरत टाचा उंचावून पाहत होती. डोणगावच्या कारभारीनं दोघांना चकवलं, एकटा पुढं घुसला आणि कोपऱ्यात सणसणीत फटका मारला. अर्जुननं अंग झोकून दिलं आणि बॉल छातीशी कवटाळूनच तो मातीत पडला.

डोणगावची पोरं मटकन बसली. आणि उकंडराव खुर्चीवरून उठून, फेटा सुटल्याचंही भान न राहता, दोन्ही हातांनी टाळ्या पिटत ओरडत होते, “शाब्बास, जवाईबापू! शाब्बास!”

“काका!” कारभारी मैदानातून कळवळून ओरडला. “तुमी कोनाकडून हाये?”

उकंडराव तसेच, टाळीसाठी वर उचललेले हात घेऊन, उभे राहिले. व्याह्याकडं पाहिलं, पुतण्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. मग मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या वामनरावांकडं वळून म्हणाले, “सांग बे तू. तू पंच हाये ना?”

वामनरावांना इतकं हसू आलं, की शिटीतून नुसतीच हवा गेली. खेळ पुन्हा चालू करायला त्यांना बराच वेळ लागला.